जास्वंदीचं वाण

पौष लागला की आमच्या नर्सरीतला फोन वाजायला लागतो. यंदाचा पहिला फोन जालन्यातल्याच मस्तगडहून आला. एका बाईंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पन्नास रोपं हवी होती. जास्वंदच हवी, तीही लाल, आणि पिशव्यांना सोनेरी कागद गुंडाळून. दुपारी त्या मैत्रिणीला घेऊन रिक्षानं आल्या. मी एक रोप उचललं, पान उलटं केलं आणि गेले कित्येक महिने येईल त्याला जे सांगते तेच त्यांना सांगितलं. इथं शिरेच्या कडेनं कापसासारखं पांढरं दिसलं तर रोप घ्यायचं नाही, आमचं असलं तरी नाही. घरी नेल्यावर पंधरा दिवस बाकीच्या झाडांपासून लांब ठेवायचं. पांढरं दिसलंच तर फांदी कापून जाळायची, उकिरड्यावर फेकायची नाही. बाईंनी पदर सावरला आणि विचारलं, म्हणजे तुमच्या रोपांना रोग आहे का? मी म्हटलं, आत्ता नाही. त्या ‘आत्ता’वर त्या अडखळल्या. मैत्रीण जरा धीराची होती. तिनं विचारलं, खरंच कुणाचं असं नुकसान झालंय का हो? मी पान सोडून दिलं आणि म्हणाले, असं ऐकलंय.

त्या दोघी मग पलीकडच्या नर्सरीत गेल्या. तिथं कुणी पान उलटं करत नाही, मुकाट्यानं सोनेरी कागद लावून देतात. आमचे हे गवती चहाचे वाफे ओले करत सगळं ऐकत होते. पाइप खाली टाकून म्हणाले, की तू रोपं विकायला बसलीस का दवाखाना घालून बसलीस, ते एकदा ठरव. दर आठ दिवसांनी हे वाक्य येतं. मला त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते माझ्याच बोलण्याचं. असं ऐकलंय म्हणे. माझ्याच हातांनी झालेली गोष्ट मी लोकांच्या तोंडची बातमी करून सांगितली आणि तीही मान खाली घालून.

आमची नर्सरी नवीन जालन्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून आहे. पौषातली इथली सकाळ मला फार आवडायची. हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन, काळ्या पिशव्यांतल्या ओल्या मातीचा वास, बोटं बधिर करणारं टाकीतलं पाणी. समोरच्या रस्त्यानं मोसंबीचे टेंपो जायचे आणि त्यांच्यामागे थोडा वेळ तो आंबटगोड वास रेंगाळायचा. गेल्या वर्षी याच दिवसांत मी स्वतःवर बेहद्द खूश होते. आधी बायका वाण म्हणून कंगवे, चाळण्या, प्लास्टिकचे डबे लुटायच्या. रोपं लुटा, दारात फूल येईल आणि वर्षभर आठवण राहील, हे खूळ आमच्या भागात बऱ्याच घरांत मीच शिरवलं होतं. बायकांनी ते उचलून धरलं. संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. आपल्याला फार कळतं असं माणसाला वाटायला एवढं पुरतं.

जास्वंद आम्ही स्वतः फार करत नाही. बाहेरच्या मोठ्या नर्सऱ्यांतून ट्रक येतो, त्यातून रोपं उतरवून घेतो. त्या वर्षीचा ट्रक उतरवताना माझा अंगठा एका पानाखाली चिकटला. उलटं करून पाहिलं तर शिरेला पांढरा कापूस, आणि कापसातून मुंग्यांची ये-जा. दाबलं तर पिवळसर पाणी आलं. मला ते काय आहे ते माहीत होतं. इथं मी खोटं बोलणार नाही. दिवाळीआधी नर्सरीवाल्यांची एक बैठक झाली होती. तिथं पडद्यावर हाच किडा दाखवला होता. पपईवरचा पिठ्या ढेकूण, परदेशातून आलेला, रोपांबरोबर गावोगाव फिरणारा. पपईवर वाढतो, जास्वंदीवर वाढतो आणि तुतीवर तर विशेष. गिऱ्हाइकाला सांगा, असं तिथल्या मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या. माहितीचा कागदही दिला होता. तो मी घरी आणला आणि त्यावर चहाचे कप ठेवले. गोल गोल डागांखाली किड्याचं चित्र बरेच दिवस दिसत होतं.

ह्यांना दाखवलं तर म्हणाले, पाण्यानं जातंय. पाइपाचं तोंड दाबून त्यांनी जोराचं पाणी मारलं. पांढरं गेलं. पानं लख्ख झाली, नुकत्याच न्हालेल्या पोरीसारखी दिसायला लागली. मी उभी राहून बघितलं आणि माझंही समाधान झालं. शिरांच्या बेचक्यात, पिशवीच्या घडीत, मातीच्या कडेला जे राहिलं असेल ते दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणून नव्हतं, असा हिशोब मी केला. शहाणी माणसं हा हिशोब करतात तेव्हा तो जास्त वाईट असतो.

त्यातली चाळीस रोपं माझ्या अक्कानं नेली.

अक्का माझी थोरली बहीण. घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावात दिलेली. आई-वडील गेल्यापासून माझं घर हेच तिचं माहेर. ती दर संक्रांतीला माझ्याकडूनच काहीतरी नेते आणि बायकांना सांगते की हे वाण माहेराहून आलंय. तिची दीड एकर तुती होती आणि शेतातच रेशमाच्या किड्यांची शेड. त्या शेडचा तिला इतका अभिमान होता, की मंत्री आला तरी तिनं त्याला दारात उभं करून हातपाय धुवायला लावले असते. दाराशी चुन्याचं ताट, त्यात पाय ठेवूनच आत जायचं. हात कोपरापर्यंत धुवायचे. डोक्याला वासाचं तेल नको, अंगाला पावडर नको. दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, तंबाखूची सवय. शेडीत जायचं तर ते आधी थुंकून तीनदा चूळ भरत आणि अक्का ते मोजत उभी राही. रेशमाचा किडा फार नाजूक, त्याला कशाचाच वास सोसत नाही. म्हणून तुतीवर औषधाचा फवारा कधीच मारायचा नाही. फवारलेला पाला खाल्ला की किडे मरतात. पाला म्हणजेच सगळं.

तिच्या हळदीकुंकवाला मी गेले होते. अंगणात सतरंजी, शेवंतीचा वास, हातांत तिळगूळ. अक्का प्रत्येकीला हळदीकुंकू लावून एकेक रोप देत होती आणि माझ्याकडे मान वळवून सांगत होती, ही माझी धाकटी, जालन्याची, झाडंवाली. बायका रोपं कडेवर घेऊन, लेकरू घेतल्यासारखी, आपापल्या गल्लीला लागल्या. एकोणचाळीस गेली. चाळिसावं अक्कानं स्वतःसाठी ठेवलं आणि तुळशीशेजारी लावलं. लावताना तिच्या हाताशी मी पाणी घालत होते. एकदा वाटलं, सांगावं, की पानांची पाठ बघत जा. पण सणासुदीचं, चारचौघींत, आपल्याच वाणाला खोट कोण काढणार? मी झारी रिकामी केली.

होळीच्या आसपास तिनं फोनवर एक फोटो पाठवला. तुतीचा शेंडा मुरगळलेला, पानं आखडलेली आणि देठाच्या बगलेत पांढरं. मागोमाग फोन आला. “शोभे, हे पांढरं काय हाय गं? पाला चिकट करून राह्यलंय. बांधाकडच्या आठ-दहा झाडांलाच हाय.” मी नर्सरीत उभी होते. समोर तिच्याच खेपेतली उरलेली जास्वंद होती. मी म्हणाले, असतंय असं ऊन वाढलं की, जाईल. आवाज अगदी बराबर लावला होता. गिऱ्हाइकाला लावते तसा.

दोन-अडीच आठवडे गेले. उन्हानं तो किडा जातो कुठला, उन्हातच तो फोफावतो. पाडव्याच्या सुमाराला रेशीम कार्यालयातले साहेब तिच्या शेतात आले. मीही त्या दिवशी तिथं होते, अक्कानं बोलावलं होतं म्हणून. झाडांमधून चालताना कपड्यांना पांढरं लागत होतं आणि पानांवर काळी बुरशी धरली होती. साहेबांनी सांगितलं की या किड्याला खाणारे मित्रकीटक असतात, ते मागवता येतील, पण त्यांना काम करायला दिवस लागतात. मग म्हणाले, पहिल्याच आठवड्यात कळलं असतं तर एवढे आठ-दहा शेंडे कापून जाळले असते की संपलं असतं. त्यांनी विचारलंही, की नवीन झाड कुठून आणलं होतं का? अक्का तुतीच्या पानाकडे बघत म्हणाली, न्हाई. मी तिच्या पाठीमागे उभी होते. तेव्हा मला वाटलं, हिच्या ध्यानातच आलं नाही. किती बरं वाटलं मला, काय सांगू. त्या बरं वाटण्याची आजही शिसारी येते.

शेडीत तेव्हा बॅच होती. किडे शेवटच्या टप्प्यात आले होते. कोष करायच्या आधीचे सात-आठ दिवस ते पोट फुटेस्तोवर खातात, रात्रंदिवस, आणि सबंध शेड त्यांच्या खाण्यानं कुरकुरत राहते. बागेतला निम्मा पालासुद्धा द्यायच्या लायकीचा राहिला नव्हता. दाजी दोन गावं फिरून आले. कुणाचा पाला त्यांच्याच किड्यांना पुरत नव्हता, कुणाच्या तुतीवर फवारा बसला असेल अशी शंका. सगळ्यांना निम्मं निम्मं खायला घातलं तर एकाचाही धड कोष होत नाही. अक्का रॅकसमोर जाऊन उभी राहिली. मग हातानं मधोमध रेघ दाखवली. “ह्या अंगाचे ठिवू. त्या अंगाचे काढा.”

काढायला आम्ही तिघं होतो. मी कोपरापर्यंत हात धुऊन आत गेले, सवयीनं. घमेल्यांत किडे भरून शेताच्या कडेच्या खड्ड्यात टाकायचे आणि वरून चुना. ते गार लागतात हाताला, मऊ आणि गार, करंगळीएवढे. उपाशी किडा डोकं वर उचलून हवेत हलवतो, पाला कुठं आहे ते शोधतो. घमेल्यातले सगळेच डोकं हलवत होते. माझ्या पंजावरही चढत होते, बोटं म्हणजे देठ वाटून. दहा-बारा खेपा झाल्या असतील. अक्का रडली नाही. ती प्रत्येक घमेल्यावरचा पदराएवढा कपडा नीट सारखा करून देत होती, जणू त्यांना ऊन लागू नये. चुना पडला की ती दुसरीकडे बघायची. ठेवलेल्या अर्ध्यांनी पुढं कोष केले, तेही पातळ, दाबले की आत जाणारे. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तरी एकही किडा वाचला नसता, हे खरं आहे. पण मी त्यामुळे गप्प बसले नव्हते. मला भीती वाटत होती, एवढंच.

वैशाखात तिनं तुती उपटली. ट्रॅक्टरनं मुळं वर आली तेव्हा मी बांधावर लिंबाखाली तिच्याजवळ बसले होते. ऊन असं की ढेकळांकडे बघवत नव्हतं. ट्रॅक्टर टोकाला वळला आणि जरा शांत झालं, तेवढ्यात मी सांगून टाकलं. ट्रक, पांढरं, पाइपाचं पाणी, चहाचे डाग पडलेला कागद, होळीचा फोन, सगळं. तिनं मधे थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, “मला म्हाईत होतं.”

तुतीवर दिसायच्या आधीच तिनं ते तुळशीजवळच्या जास्वंदीवर पाहिलं होतं. मग दोन दिवसांनी शेतात, बांधाकडच्या झाडांवर; कपड्यांना चिकटूनच ते तिथं गेलं असणार. तिला तेव्हाच कळलं होतं. फोटो तुतीचा पाठवला, जास्वंदीचा नाही. मी विचारलं, मग साहेबांना का नाही सांगितलं? गावातल्या बायकांना तरी का नाही सांगितलं? तिनं वाकून पायातलं कुसळ काढलं. “म्हायेरच्या वाणाला नावं ठिवू का मी? चारचौघीत तुलाच झाडंवाली म्हणून मिरवली व्हती. मला वाटलं, तू सांगशील. फोन केल्ता तवा सांगशील असं वाटलं.” नंतर ट्रॅक्टर परत आला आणि त्याच्या आवाजात ती आणखी काही बोलली ते मला ऐकू आलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून मी पानं उलटी करते. दारावर माझ्याच हातानं रंगवलेली पाटी आहे, पानाची पाठ बघितल्याशिवाय रोप घेऊ नये. बाहेरून आलेली रोपं तीन आठवडे वेगळ्या जाळीत ठेवते. ह्यांनी त्या जाळीला सासुरवाडी असं नाव ठेवलंय. मित्रकीटकांबद्दल विचारून ठेवलं आहे. अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून सांगायलाही आता मला लाज वाटत नाही. आणि एवढं करून, ज्या एकोणचाळीस घरांत ती रोपं माझ्यामुळे गेली, त्यांतल्या एकीलाही मी काही सांगितलं नव्हतं. अक्काची अब्रू जाईल, असं मी स्वतःला बजावत होते. अक्का माझी अब्रू सांभाळत होती. दोघींच्या या सांभाळण्यात तो किडा गल्लोगल्ली आरामात फिरत राहिला.

मस्तगडच्या बाई गेल्यावर मी अक्काला फोन केला. म्हटलं, मी येते आणि घरोघर जाऊन सांगते. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. ती म्हणाली, “ये. मी बी येती संगं.”

संक्रांतीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. तिच्या खांद्यावर खताची रिकामी गोणी, माझ्या हातात कात्री. पहिल्या घरच्या बाईनं आम्हाला बघताच हळदीकुंकवाचा करंडा आणला. सणाच्या तोंडावर दोघी बहिणी आल्यात, म्हणजे आवतण द्यायलाच आल्या असणार. मी कपाळाला कुंकू लावून घेतलं आणि मग सांगितलं. बाईंचा करंडा हातातच राहिला. त्यांच्या परसातली दोन्ही पपईची झाडं वाळली होती. त्या अक्काकडे बघून एवढंच म्हणाल्या, की वर्सभर रोज नळावर भेटतीस. पुढच्या दोन-तीन घरांत कुंकू मिळालं. त्यानंतर आमच्या आधी बातमी पोचू लागली आणि करंडा बाहेर आला नाही. काही जणींचं रोप कधीच मरून गेलं होतं, त्या हसल्या. एकीनं दार लावून घेतलं. तिची तुती अक्काच्या बांधाला लागूनच होती.

एका घराचं मात्र मला राहून राहून आठवतं. नवी सून, लग्नाला दोनच वर्षं झालेली. तिनं जास्वंद डालड्याच्या डब्यात लावली होती, दारापुढच्या ओट्यावर. झाडाला चार पानं उरली होती आणि तीही पांढरी. ती रोज सकाळी ओल्या फडक्यानं पानं पुसत असे, रोज ते पुन्हा येत असे. तिची सासू म्हणे, हिच्या हाताला गुणच नाही, हिनं लावलेलं जगत नाही. आणि ती ते खरं धरून बसली होती. मी सांगत असताना ती डब्याच्या काठावरून बोट फिरवत होती. माझं संपल्यावर तिनं हळूच विचारलं, “मंग माझ्या हाताचं न्हाई ना हे?” मी म्हटलं, नाही. माझ्या हाताचं आहे. तिनं रोप मुळासकट उपटून स्वतःच गोणीत टाकलं आणि डबा उलटा करून ठेवला. सासू आतून ऐकत होती, बाहेर आली नाही.

खड्डा तोच होता. चुन्याचा थर अजून मातीत पांढरा दिसतो. तुती होती तिथं आता हरभरा आहे आणि शेडीच्या रॅकवर दाजींनी कांदे पसरलेत. गोणी रिकामी करून आम्ही रोपं पेटवली. ओली रोपं लवकर जळत नाहीत, धूर फार होतो. अक्का काठीनं ढोसत होती. मला वाटलं, संपलं.

घरी आल्यावर ती अंगणातच थांबली. तुळशीशेजारी चाळिसावी जास्वंद उभी होती. वर्षभरात ती कंबरेएवढी झाली होती. शेंडे मुरगळलेले, खोडावर मुंग्यांची रांग, पानांखाली पांढरं गच्च, आणि या सगळ्यात एक लाल फूल. सगळं माहीत असून अक्कानं तिला पाणी घातलं होतं. तुती उपटली त्या दिवशीही घातलं असणार. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, “तूच काढ. मला न्हाई जमायचं.”

मी दोन्ही हातांनी खोड धरलं. मूळ खोल गेलं होतं, तीनदा हिसका द्यावा लागला. फूल अंगणात गळून पडलं, ते कुणी उचललं नाही. झाड खड्ड्यातल्या जाळावर टाकून मी परत आले तेव्हा ती बादली आणि तांब्या घेऊन उभी होती. मला वाटलं, आता तरी कुंकू लावेल, मी जायला निघाले होते.

“कोपरापर्यंत धू,” ती म्हणाली.

शेडीत कांदे आहेत. तरी मी कोपरापर्यंत धुतले. ती वरून पाणी घालत राहिली आणि पुरे म्हणाली नाही.